दोन चेहरे आणि पुसट ग्रीक अक्षरं: हे नाणं कुणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनीत राहणाऱ्या एका मराठी वाचकाने तिथल्या नाणेबाजारातून एक काळपट हिरवं कांस्य नाणं घेतलं. व्यास 27 मिलिमीटर, वजन 11.4 ग्रॅम. एका बाजूला समोरासमोर पाहणारे दोन चेहरे. दुसऱ्या बाजूला उभी स्त्री, तिच्या हातात ‘जाड दोरीसारखं काहीतरी’ आणि शेजारच्या मोकळ्या जागेत इंग्रजी ई सारखं एकच सुटं अक्षर. दोन्ही बाजूंना अगदी मधोमध बारीक खड्डा. अक्षरं बरीच झिजली आहेत. पुढच्या बाजूला ‘आंतोन’ असं काहीसं लागतं, मागच्या बाजूला ‘तियानो’. विकणाऱ्याने पाकिटावर ‘अँटोनायनस पायस’ लिहून दिलंय, घेणाऱ्याला मागचा शब्द ‘ट्राजन’ वाटतो. दोघांतला खरा कोण, आणि मधे भोक पाडायचा प्रयत्न करून कुणी नाणं खराब केलंय का, असं त्यांनी विचारलंय.

तुमचं नाणं त्या दोघा रोमन सम्राटांपैकी कुणाचंच नाही. ते सम्राट मॅक्रिनस आणि त्याचा मुलगा डायड्युमेनियन यांचं आहे. पाडलं गेलं मार्कियानोपोलिस या शहरात, म्हणजे आज बल्गेरियात वार्ना शहराजवळ जे डेव्न्या नावाचं गाव आहे तिथे, इसवी सन 217 किंवा 218 मध्ये. मागे उभी आहे ती आरोग्याची देवता हायजिया, आणि तिच्या हातातली दोरी म्हणजे साप. आता हे मी कशावरून म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण पुढचं नाणं तुम्हाला स्वतःला लावता आलं पाहिजे.

अक्षरं लागत नसतील तर अक्षरांपासून सुरुवात करू नका. नवीन माणूस भिंग घेतो आणि थेट कडेच्या लेखावर तुटून पडतो, चार अक्षरं लागली की ओळखीच्या राजाचं नाव त्यात बसवतो. तुमचंही तेच झालं. आधी नाणं हातभर लांब धरून नुसतं बघा: धातू कोणता, आकार केवढा, मांडणी कशी. रोमच्या टांकसाळीतल्या नाण्यांवर लेख लॅटिनमध्ये असतो. साम्राज्याच्या पूर्वेकडची शहरं मात्र रोजच्या वापरासाठी स्वतःची कांस्य नाणी पाडत आणि त्यांवर बहुतेक ठिकाणी ग्रीक लिहीत. अशा शेकडो शहरांची नाणी आहेत, म्हणून पहिलं काम म्हणजे त्यातला प्रदेश निवडणं. तुमच्या नाण्यावर तीन खुणा एकत्र आल्या आहेत: समोरासमोर दोन चेहरे, मधला खड्डा आणि सुटं ‘ई’. या तिन्ही एकत्र दिसल्या की माझं बोट नकाशावर काळ्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर जातं, डॅन्यूबच्या खालच्या अंगाला. हा रोमनांचा लोअर मोएशिया प्रांत.

खड्ड्याने घाबरून जाऊ नका. तो कुणी नंतर पाडलेला नाही, उलट तो असणं या भागातल्या नाण्याला शोभणारं आहे. ठसा मारण्याआधी कोरी चकती घासून सपाट करताना ती मधोमध टोकदार अवजारात धरत असावेत आणि त्याचीच ही खूण, असं साधारणपणे मानलं जातं. थ्रेस आणि मोएशियातल्या कांस्य नाण्यांवर हा खड्डा सर्रास दिसतो. भिंगातून बघाल तर खड्ड्याच्या आतही बाहेरच्यासारखाच हिरवा-तपकिरी थर बसलेला असेल. अलीकडे कुणी टोचा मारला असता तर आत तांबूस उघडा धातू चमकला असता.

ते सुटं ‘ई’ म्हणजे ग्रीक एप्सिलॉन. ग्रीक लोक आकड्यांसाठी अक्षरंच वापरत: आल्फा म्हणजे 1, गॅमा 3, डेल्टा 4, एप्सिलॉन 5. म्हणजे हे अक्षर कुठल्याही नावाचा भाग नाही, ती नाण्याची किंमत आहे: पाच अस्सारिया (अस्सारियन हे तिकडच्या कांस्य नाण्यांचं लहान एकक). शेजारच्या टोमिस शहराच्या नाण्यांवर बऱ्याचदा डेल्टा, म्हणजे चारचा आकडा सापडतो. मार्कियानोपोलिसमध्ये दोन चेहऱ्यांचं नाणं म्हणजे पाचाचं नाणं, हे समीकरण अनेक सम्राटांच्या काळात टिकलं. तुमचं 27 मिलिमीटर आणि 11 ग्रॅमच्या पुढचं माप त्याच्याशी नीट जुळतं.

आता लेखाकडे येऊ. यासाठी मी वर्षानुवर्षं एकच पद्धत वापरतो. कागदावर वाटीएवढं वर्तुळ काढा आणि त्यावर घड्याळाचे बारा आकडे लिहा. खोलीतला दिवा बंद करून टेबलावर एकच छोटा दिवा ठेवा, नाण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम वर, म्हणजे प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत जाईल. मग दिवा तिथेच ठेवून नाणं थोडं थोडं फिरवत जा. वरून पडणाऱ्या उजेडात सपाट वाटणारी जागा अशा तिरप्या उजेडात बोलू लागते. एखाद्या अक्षराचा उभा दांडा एका कोनात उमटतो, त्याचीच आडवी रेघ दुसऱ्या कोनात. जे दिसेल ते त्या त्या आकड्यासमोर जसंच्या तसं काढा. अक्षर ओळखायची घाई नको, नुसत्या रेघा काढा. जिथे काही लागत नाही तिथे किती अक्षरं मावतील तेवढे ठिपके द्या. ठिपक्यांची ही मोजणी पुढे फार कामाला येते.

काही अक्षरांचे आकार आधी डोळ्यात बसवून घ्या. या काळातला सिग्मा शाळेत गणितात पाहिलेल्या सिग्मासारखा नसतो, तो सरळ चंद्रकोरीसारखा, इंग्रजी सी सारखा असतो. ओमेगा गोल तळाच्या डब्ल्यूसारखा. पी (‘प’चं अक्षर, गणितातला पाय) म्हणजे दाराची चौकट: दोन उभे दांडे, वर आडवी पट्टी. लॅम्डा म्हणजे छपराचे दोन वासे. आल्फा तेच वासे, मधे आडवी काठी घातलेले. डेल्टा म्हणजे त्याच वाशांना खाली जमीन जोडलेली. झिजलेल्या नाण्यावर आधी जाते ती आडवी रेघ, म्हणून आल्फा, डेल्टा आणि लॅम्डा एकमेकांचे सोंग घेतात. ते फक्त आकारावरून सोडवता येत नाहीत, शेजारच्या अक्षरांवरून सोडवावे लागतात.

मागच्या बाजूला तुम्हाला ‘तियानो’ दिसलं आणि तुम्ही ट्राजनकडे गेलात. ग्रीकमध्ये ट्राजनचं नाव ‘त्रायानोस’ असं येतं. टाऊनंतर (‘त’) ऱ्हो (‘र’) आणि आल्फा हवेत. तुमच्या फोटोत टाऊला लागूनच एक एकटा दांडा आहे, तो आयोटा. मधे दोन अक्षरांना जागाच नाही. त्याहून मोठं कारण म्हणजे सम्राटाचं नाव मागच्या बाजूला शोधायचंच नाही. या शहरांत पुढच्या बाजूला सम्राट, मागच्या बाजूला आधी प्रांताचा राज्यपाल आणि मग शहर, असा शिरस्ता होता. लेख ‘यूप’ या दोन अक्षरांनी सुरू होतो, म्हणजे ‘अमुक राज्यपालाच्या अमलात’, आणि पुढे नावाला षष्ठी लागते. त्यामुळे राज्यपालाच्या नावाच्या शेवटी ‘ओस’ येत नाही, ‘ऊ’ येतो: ओमिक्रॉन आणि उप्सिलॉन. शहराचं नावही षष्ठीतच, पण अनेकवचनी: ‘मार्कियानोपोलितोन’, म्हणजे मार्कियानोपोलिसकरांचं. आपल्याकडे ‘पुणेकरांचं’ म्हणावं तसं. नाणं शहराचं नाही, शहरातल्या माणसांचं, हा भाव मला नेहमीच आवडतो.

खरी गंमत यापुढे आहे. मार्कियानोपोलिसच्या दोन चेहऱ्यांच्या नाण्यांवर येणाऱ्या काही राज्यपालांची नावं बघा: फाउस्तिनियानस, उल्पियानस, क्विंतिलियानस, पोंतियानस, तेर्तुल्लियानस. सगळ्यांचा शेवट ‘इयानू’! म्हणून ‘इयानू’ वाचता आलं याला काही किंमत नाही. त्याच्या आधीचं एक अक्षर काय ते सांगा. तिथे न्यू (‘न’) असेल तर फाउस्तिनियानस, म्हणजे सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचा काळ. पी असेल तर उल्पियानस. लॅम्डा असेल तर क्विंतिलियानस किंवा तेर्तुल्लियानस: पहिला कॅराकॅलाचा, दुसरा थेट तिसऱ्या गॉर्डियनचा, मधे पंचवीसेक वर्षांचं अंतर. आणि टाऊ असेल तर पोंतियानस, नाहीतर सम्राट एलॅगाबॅलसच्या काळातला तितियानस, पण तो पुढे चेहऱ्यांवरून गळतो. तुम्ही तर ‘तियानो’ असं टाऊसकट वाचलंय. ज्या अक्षराने तुम्हाला ट्राजनकडे नेलं, त्याच अक्षराने उत्तरही दिलं.

अजून एक फसवी जागा आहे आणि तिथे मी स्वतः एकदा अख्खी संध्याकाळ अडकलो होतो. ‘मार्कियानो’ या शहराच्या नावातही ‘इयानो’ आहे! म्हणजे एकाच लेखात तो तुकडा दोनदा येतो. तुम्ही वाचला तो राज्यपालाचा की शहराचा? पुढचं अक्षर बघा. ‘इयानो’नंतर उप्सिलॉन आलं तर राज्यपाल, चौकटीसारखा पी आला तर शहर. मागचं अक्षरही सांगतं: शहराच्या नावात आधी कप्पा (‘क’) असतो. त्यात थ्रेसमधलं हेड्रियानोपोलिस, आजचं तुर्कस्तानातलं एदिर्ने, तेही ‘इयानोपोल’ असंच वाचलं जातं, फक्त तिथे कप्पाऐवजी ऱ्हो असतो. याच प्रांतातलं निकोपोलिस शहर तर ‘ओपोलितोन’ या शेपटीवरून अजिबात वेगळं काढता येत नाही. त्यासाठी शेपटीच्या आधी न्यू आहे की कप्पा ते पाहावं लागतं. म्हणून ‘शहराचं नाव पोलिसवर संपतं’ एवढ्यावर कुणी शहर सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

इथे ठिपके मोजायची पद्धत उपयोगी पडते. ‘यूप’ची 2 अक्षरं, ‘पोंतियानू’ची ग्रीकमध्ये 9 आणि ‘मार्कियानोपोलितोन’ची 15, एकूण 26. तुमच्या फोटोत टाऊ साधारण दहाच्या आकड्यासमोर आहे. लेख डावीकडे खालून, आठच्या आसपास सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने जातो असं धरलं, तर टाऊच्या आधी पाच अक्षरांना जागा हवी: उप्सिलॉन, पी, आणि मग पी, ओमिक्रॉन, न्यू. मी तुमच्या फोटोवर कागद ठेवून मोजली, बरोबर पाच मावतात. तेर्तुल्लियानूच्या लांब नावाला तेवढ्या जागेत उभंही राहता आलं नसतं. मात्र एक ध्यानात ठेवा: या टांकसाळीतले कारागीर जागा संपली की दोन-तीन अक्षरं एकमेकांना जोडून टाकत, किंवा शेवटची अक्षरं मूर्तीच्या शेजारी मोकळ्या जागेत लिहीत. म्हणून मोजणीत एक-दोन अक्षरांचा फरक आला तर अंदाज लगेच टाकून देऊ नका.

आता पुढची बाजू. ‘आंतोन’ वाचून विकणाऱ्याने अँटोनायनस पायस लिहिलं, यात त्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही, पण हे नाव एकट्याने कधीच पुरत नाही. पायसची कारकीर्द 138 ते 161. त्याच्या घराण्याचा मान इतका होता की पुढे ज्याला त्याला आपण अँटोनायनस असावं असं वाटू लागलं. मार्कस ऑरेलियसच्या नावात ते आहे. कॅराकॅला हे तर टोपणनाव, नाण्यावर तो अँटोनायनसच. एलॅगाबॅलसही तसाच. आणि मॅक्रिनस: 8 एप्रिल 217 रोजी कॅऱ्हे शहराजवळ कॅराकॅलाचा खून झाला, तीन दिवसांनी सैन्याने मॅक्रिनसला सम्राट केलं. तो सिनेटर कुळातलाही नव्हता. सैन्याचं प्रेम कॅराकॅलावर, म्हणून त्याने आपल्या जेमतेम आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सीझर, म्हणजे युवराज, केलं आणि त्याच्या नावात अँटोनायनस जोडून दिलं. तुमच्या नाण्यावरचा ‘आंतोनेइनोस’ म्हणजे तो मुलगा.

हे अक्षरांशिवायही पटवून घेता येतं. चेहरे बघा. डावीकडचा दाढीवाला पुरुष, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, मानेमागे त्याच्या फितीची टोकं. उजवीकडचा चेहरा लहान, गाल गुबगुबीत, दाढी नाही, डोकं उघडं. मुकुट सम्राटाला, मुलगा अजून फक्त सीझर. या शहराच्या पाचाच्या नाण्यांवर उजवीकडे बहुतेक वेळा राजघराण्यातली स्त्री असते: कॅराकॅलासमोर आई ज्युलिया डोम्ना, एलॅगाबॅलससमोर आजी ज्युलिया मीसा, अलेक्झांडर सेव्हेरससमोर आई ज्युलिया मामीया. त्यांच्या केसांच्या लाटा आणि मागचा अंबाडा झिजलेल्या नाण्यावरही कळतो. गॉर्डियनसमोर कधी सेरापिस देव येतो. त्याच्या डोक्यावर धान्याचं माप आणि तोंडभर दाढी. कॅराकॅला आणि गेटा हे दोघे भाऊ समोरासमोर आहेत, पण ते उल्पियानसच्या अमलातलं नाणं, आणि तिथे टाऊच्या जागी पी हवा. दाढीवाला बाप, उघड्या डोक्याचं पोर आणि मागे टाऊ: एवढ्यावर मी पोंतियानसच्या नावाने सही करेन.

मागच्या स्त्रीबद्दल तुम्ही ‘दोरी’ म्हणालात ते निरीक्षण चांगलं आहे. टिखे देवीच्या एका हातात सुकाणू आणि दुसऱ्यात फळाफुलांचं शिंग असतं. होमोनोइयाच्या हातात ताटली आणि शिंग. नेमेसिसच्या पायाशी चाक. तुमच्या स्त्रीच्या कमरेपाशी ती जाड रेघ एका हाताखालून निघून अंगावरून आडवी जाते आणि पुढे वर वळते. ज्या ठिकाणी ती संपते तिथे दुसऱ्या हातात बशीसारखं काहीतरी आहे. साप बशीतून खातोय. हायजियाला ओळखायला एवढं पुरतं. एप्सिलॉन तिच्या डाव्या बाजूला आहे की उजव्या, ते लिहून ठेवा. ठशांचे प्रकार त्यावरून वेगळे होतात.

ग्रीक अक्षरांची भीती वाटत असेल तर एक घरची गोष्ट सांगतो. मी ही अक्षरं शिकलो ती रोमन नाण्यांवरून नाही, क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवरून. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे त्याच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा मिळाला, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकली होती. नहपानाच्या नाण्यावर राजाच्या मुखाभोवती ग्रीक लिपीतला लेख आहे, भाषा मात्र ग्रीक नाही. वरून सातवाहनांचा ठसा, खाली अर्धवट चिरडलेली अक्षरं. त्यातून ‘नहपान’ शोधायची सवय झाली की मोएशियातला झिजलेला लेख बराच सोपा वाटतो. तुमच्याकडे क्षत्रपांची नाणी पाहण्याची संधी आली तर सोडू नका.

खात्री करण्यासाठी ‘कॉर्पस नुमोरम’ हा बर्लिनहून चालणारा ऑनलाइन संग्रह उघडा. थ्रेस आणि लोअर मोएशिया त्याच्या खास हद्दीत येतात. शहर आणि सम्राट निवडा, मग हायजिया. जुन्या पद्धतीने जायचं तर बेरेन्ड्ट पिकची 1898 ची जर्मन सूची अजूनही टेबलावर असते, आणि तुम्ही जर्मनीत आहात, तुम्हाला ती वाचताही येईल. चित्र जुळलं म्हणून थांबू नका, लेख कुठे तुटतो तेही जुळवा. पोंतियानसच्या हायजियाचे एकाहून अधिक ठसे आहेत.

नकली आहे का हेही मनात असेल. या नाण्यांच्या आधुनिक नकला निघतात, त्यातल्या ओतीव नकला ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. कडेवर सभोवार फिरणारी बारीक सांध्याची रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे टिपके, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या बोथट: यांपैकी काही दिसलं तर सावध व्हा. तुमच्या फोटोत अक्षरं झिजलेली आहेत पण त्यांची मुळं धारदार आहेत, आणि कडेला ठसा मारताना धातू फाकून पडलेली एक छोटी चीर आहे. मला नाणं अस्सल वाटतं. तरी कडेचा फोटो पाठवा, तो तुम्ही दिलेला नाही.

आणि कृपा करून ते उजळायला जाऊ नका. चिंच, लिंबू, मीठ, भांडी घासायची पावडर, यातलं काहीही त्याच्या जवळ नको. एका ओळखीच्या घरी सुंदर सातवाहन नाणं चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवलेलं मी पाहिलंय. सकाळी ते तांब्याच्या नव्या पैशासारखं गुलाबी झालं होतं आणि हत्तीच्या सोंडेची रेघ कायमची गेली होती. तो हिरवा थर म्हणजेच आता नाण्याचा पृष्ठभाग आहे. अक्षरं त्याच थरात आहेत. मातीच बसली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला आणि लाकडी टूथपिकने हलक्या हाताने माती सोडवा. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी कुठे दिसली आणि पुसली तरी परत आली, तर तो कांस्याचा रोग. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा, सिलिका जेलसोबत कोरड्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. तुमच्या फोटोत एप्सिलॉनच्या खालच्या अंगाला तसा एक फिकट ठिपका आहे. तो माती आहे की भुकटी, हे फोटोवरून ठरवता येत नाही. टूथपिकच्या टोकाने स्पर्श करून बघा, आणि सुटला तर आठवड्याने त्याच जागी पुन्हा बघा.

पुढे कधी ते भारतात आणायचा विचार असेल तर आधी दोन्हीकडचे नियम नीट विचारून घ्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं आपल्या 1972 च्या कायद्यात पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. खरेदीची पावती आणि त्या विक्रेत्याचं चुकीचं पाकीटसुद्धा जपून ठेवा, तो नाण्याच्या प्रवासाचा पुरावा आहे.

नवीन चिठ्ठीवर मात्र असं लिहा: ‘लोअर मोएशिया, मार्कियानोपोलिस. मॅक्रिनस आणि सीझर डायड्युमेनियन, 217–218. राज्यपाल पोंतियानस. पाच अस्सारिया, कांस्य, 27 मिमी, 11.4 ग्रॅम. मागे हायजिया, सापाला खाऊ घालताना. मोकळ्या जागेत एप्सिलॉन.’ आणि राज्यपालाच्या नावाखाली पेन्सिलीने एक छोटी नोंद: ‘टाऊ स्पष्ट, आधीची पाच अक्षरं मोजून.’ उद्या हे नाणं दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं तर त्याला कळेल की यातलं काय वाचलेलं आहे आणि काय अंदाजाने भरलेलं.